माझ्या घरच्या चोरीची शिक्षा त्याला का? एका फिर्यादीचं खुलं पत्र

प्रति,
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी एक फिर्यादी आहे. साडेचार वर्षांपूर्वी माझं घर फुटलं, मी रीतसर फिर्याद दिली, आणि त्या फिर्यादीच्या आधारे एका मुलाला उचलून नेऊन चार दिवस ठाण्यात ठेवलं, मारलं. चोरी त्याने केली नव्हती, हे पुढे कागदोपत्री सिद्ध झालं. तो पारधी होता, एवढंच त्या चार दिवसांना पुरलं. तेव्हा मी गप्प बसलो. आज जाहीरपणे लिहितो आहे, कारण गेल्या पंधरवड्यात आमच्या गावच्या पोलीस पाटलांनी मला त्यांच्या मोबाइलवर आलेला एक निरोप दाखवला.

निरोपाचा मतलब असा: सुगी आटोपत आली आहे, घरफोड्या वाढण्याची शक्यता आहे, तरी आपापल्या हद्दीत पाल ठोकून राहणाऱ्यांची, विशेषतः पारधी समाजाच्या कुटुंबांची यादी करावी. पुरुषांची नावं, वय, फोटो, मोबाइल नंबर दोन दिवसांत पाठवावेत. खाली सही नाही, जावक क्रमांक नाही. पोलीस पाटील भला माणूस आहे. मला म्हणाले, "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलंय. यादी तुम्हीच लिहून देता का?"

मी नाही म्हणालो. यादी दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात गेलीच असणार.

आधी माझ्या चोरीचं सांगतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी आम्ही नवराबायको भाचीच्या लग्नाला परगावी गेलो होतो. परत आलो तर कोयंडा उचकटलेला, कपाट सताड उघडं. पत्नीच्या पाटल्या, मोहनमाळ आणि सासूबाईंची जुनी बोरमाळ, मिळून सात तोळे गेले. बाकीच्याचं तिला एवढं वाटलं नाही, पण बोरमाळेसाठी ती दोन दिवस जेवली नाही. हे अशासाठी सांगतो की चोरीने घराचं काय होतं ते मला माहीत आहे. चोराला पकडावं, शिक्षा व्हावी, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

ठाण्यात फिर्याद लिहिली गेली, 'अज्ञात इसमाने'. मग अंमलदारांनी विचारलं, कुणावर संशय? मी म्हणालो, कुणावरच नाही. ते हसले. "गुरुजी, तुमच्या माळावर पालं पडलीत ना?"

पडली होती. दरवर्षी पडतात. कापूस वेचणीला, ऊसतोडीला माणसं लागतात तेव्हा गावालाही ती हवी असतात.

"त्यांच्यापैकी कुणी इतक्यात घराकडे आलं होतं का?"

इथे मी खरं बोललो. आठ दिवसांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी येऊन गेला होता. सातवीपर्यंत माझ्याकडे होता. गणितात बरा, शुद्धलेखनात कच्चा. त्याची जन्मतारीख शाळेनेच अंदाजाने एक जून टाकलेली. जातीच्या दाखल्यासाठी त्याला शाळेचा निर्गम उतारा हवा होता, अर्ज कसा लिहायचा ते विचारायला आला होता. ओसरीवर बसला, चहा घेतला, अर्ज घेऊन गेला. मी सांगितलं ते एवढंच. पुरवणी जबाबात ते असं उतरलं: 'सदर इसम घटनेच्या आठ दिवस आधी फिर्यादीच्या घरी येऊन घराची पाहणी करून गेला आहे.' मी ते वाचलं आणि खाली सही केली. जन्मभर पोरांच्या वह्यांतले चुकीचे शब्द लाल शाईने गोल केले, आणि 'पाहणी' या शब्दावर माझं पेन अडलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्या ओसरीवर गॅसची टाकी देणारा आला होता, केबलवाला आला होता, समोर भाड्याने राहणारा एक तरुण दोनदा वर्तमानपत्र न्यायला आला होता. त्यांच्या येण्याबद्दल मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात ते आलं नाही.

दुसऱ्या पहाटे माळावर गाडी गेली. तिघांना उचललं, त्यात तोही. त्याची आई चार दिवस ठाण्यासमोरच्या चिंचेखाली बसून होती. तिने दोन शेळ्या विकल्या. पैसे कुठे गेले ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अटक दाखवलेलीच नव्हती, त्यामुळे सोडल्याचीही नोंद नाही. कागदांना विचाराल तर ते चार दिवस उगवलेच नाहीत.

सात महिन्यांनी शेजारच्या जिल्ह्यात दुसऱ्याच एका गुन्ह्यात एक माणूस सापडला: आमच्या समोरच्या खोलीत भाड्याने राहून गेलेला तोच तरुण. त्याने दाखवलेल्या सोनाराकडून बोरमाळ निघाली. पाटल्या आटवून झाल्या होत्या. कोर्टाच्या आदेशाने मुद्देमाल परत मिळाला. त्या तरुणाची जात मला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही, कारण चोरी त्याने केली, त्याच्या जातीने केली नाही. त्याच्या जातीच्या आळीत त्यानंतर कधी पहाटेची गाडी गेली नाही. जायला नकोच होती.

बोरमाळ घ्यायला गेलो तेव्हा ठाण्यात विचारलं, त्या मुलाला कळवलंत का? उत्तर मिळालं, "त्याला काय कळवायचं गुरुजी? तो तर सुटलाच होता की."

महोदय, तो सुटला नव्हता. कुठल्यातरी वहीत त्याचं नाव राहून गेलं आहे. तालुक्यात कुठेही घर फुटलं की त्याला फोन येतो, 'येऊन जा जरा'. त्यानंतर दोनदा त्याला नेलं आहे. एमआयडीसीत ड्रायव्हरची नोकरी जवळजवळ लागली होती, ती चारित्र्य पडताळणीच्या दाखल्याने अडली. का अडली, हे लेखी कुणी देत नाही.

आता थोडं जुनं. माझे आजोबा मुंबई इलाख्यातल्या एका गावचे पाटील होते. माळ्यावरच्या ट्रंकेत दप्तराबरोबर त्यांची एक लांबट वही सापडली होती, लाल कापडी पुठ्ठ्याची. वरती 'हजेरी'. आत नावं आणि प्रत्येक नावापुढे रोजची खूण. लहानपणी मला वाटायचं, आजोबाही शाळामास्तर होते की काय! ती हजेरी शाळेची नव्हती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली नोंदवलेल्या माणसांनी चावडीवर येऊन 'मी गावातच आहे' असं दाखवायचं, त्याची ती वही. गावाबाहेर जायचं तर पाटलाचा दाखला लागे.

तो कायदा १२ ऑक्टोबर १८७१ चा. आधी उत्तर हिंदुस्थानात आला, मग हळूहळू सगळीकडे पसरला. त्यामागचं गणित सोपं होतं: इथे सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा विणकर, तर चोराचा मुलगा चोरच होणार. आपली जातिव्यवस्था गोऱ्या साहेबाने पुराव्यासारखी वापरली, आणि आपल्यातल्या बऱ्याच पाटील-कुलकर्ण्यांना त्यात काही खटकलं नाही. माझ्या आजोबांनाही नसावं. वहीतलं अक्षर फार स्थिर आहे.

त्या कायद्यातली एक तरतूद मी पुन्हा पुन्हा वाचतो. एखादी जमात सरकारने एकदा गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जाहीरनाम्याला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. जाहीरनामा हाच अंतिम पुरावा. पुढे १९११ आणि १९२४ मध्ये कायदा आणखी आवळला. नोंदवलेल्या जमातीतला माणूस ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा ठरला तर काळं पाणी. तोच गुन्हा, तेच कलम, पण शिक्षा आडनाव पाहून वाढे. मुलांना आईबापांपासून वेगळं काढायचीही सोय त्यात होती. कैकाडी, भामटे, फासेपारधी, मांग गारुडी, छप्परबंद, बेरड, रामोशी अशा कितीतरी जातींची माणसं जन्मतःच या वहीत चढत. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. तिथून माणसं गिरण्यांत कामाला जायची आणि परत कुंपणात यायची. त्या भागाला लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं तरी पुरतं.

देश स्वतंत्र झाला तेव्हा ही माणसं स्वतंत्र झाली नाहीत. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणजे पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. या जमातींना 'विमुक्त', म्हणजे मुक्त झालेल्या, म्हणतात ते तेव्हापासून. माझ्या माळावरची माणसं १५ ऑगस्टला झेंड्याला येतात आणि ३१ ऑगस्टला आपला वेगळा दिवस पाळतात. गावातल्या कुणाला त्याचं कारण माहीत नसतं.

हे सगळं आपल्याला ठाऊक असणार. पण पोलीस पाटलांचा मोबाइल हातात धरून उभा होतो तेव्हा मला ती लाल पुठ्ठ्याची वहीच डोळ्यांपुढे आली. तेव्हा निदान वर कायद्याचं नाव होतं, खाली सही होती. आजच्या यादीला दोन्ही नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार 'उचलणं' या शब्दाबद्दल आहे. आपलं खातं म्हणतं, ही शिक्षा नाही, चौकशी आहे; शिक्षा कोर्ट देतं. चार दिवसांची मजुरी, दोन शेळ्या, पायावरचे वळ, गेलेली नोकरी आणि गावाने बंद केलेली उधारी यांना शिक्षा नाही तर काय म्हणायचं? कोर्टात निदान वकील असतो, साक्षीपुरावा असतो, अपील असतं. या शिक्षेला काहीच नाही. संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर न्यावं लागतं. हा नियम टाळायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे अटक न दाखवणं. पाटील-देशमुखांच्या मुलाला चार दिवस असं ठेवलं तर पाचव्या दिवशी ठाण्यावर मोर्चा येईल, हे अंमलदाराला माहीत असतं. पारध्याच्या मुलामागे चिंचेखाली बसलेली आई असते.

दुसरी तक्रार त्या वाक्याबद्दल, जे मी ठाण्यात, पारावर, एसटीत आणि अगदी शिक्षकांच्या खोलीतही ऐकलं आहे: "सगळेच तसे नसतात गुरुजी, पण त्यांच्यात प्रमाण जास्त असतं." हे वाक्य बोलणारा स्वतःला समतोल समजतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

समजा, प्रमाण खरंच जास्त आहे. गणितच करू. हे माझं फळ्यावरचं उदाहरण आहे, पाहणीतला आकडा नव्हे. तालुक्यात एक हजार पारधी आहेत आणि त्यातले वीस चोऱ्या करतात. उरलेल्या नऊ हजारांमध्ये नव्वद जण चोऱ्या करतात. म्हणजे प्रमाण पारध्यांत दुप्पट. आता पालावरून डोळे मिटून एकाला उचला. तो निरपराध असण्याची शक्यता शंभरात अठ्ठ्याण्णव. आणि तालुक्यातले बहुतेक चोर, एकशे दहांपैकी नव्वद, आपण ज्या बाजूला बघतच नाही तिथे आरामात आहेत. सातवीच्या मुलालाही हे सुटेल. माझ्या त्या विद्यार्थ्याला नक्की सुटलं असतं.

शिवाय हे 'प्रमाण' मोजलं कुणी? गुन्ह्यांची नोंद म्हणजे गुन्हे नव्हेत, ती पोलीस कुठे गेले याची नोंद असते. दर सुगीला गाडी माळावरच जाणार असेल तर वहीत माळावरचीच नावं चढणार, आणि पुढच्या सुगीला ती वही बघून गाडी पुन्हा माळावर जाणार. विहिरीत एकाच बाजूने पोहरा सोडायचा आणि म्हणायचं, पाणी याच बाजूला आहे!

आणि प्रमाणाचीच गोष्ट असेल तर त्याहून पक्कं प्रमाण मी देतो. आपल्या देशाच्या तुरुंगांतल्या दर शंभर कैद्यांत पंच्याण्णवाहून जास्त पुरुष आहेत. वर्षानुवर्षं हेच आहे. जातीपातीच्या कुठल्याही अंदाजापेक्षा हा आकडा भक्कम. मग अठरा ते पस्तीस वयाच्या सगळ्या पुरुषांना रात्री चौकीवर हजेरीला का बोलावत नाही? आपली मुलं, माझा मुलगा, पोलीस पाटलांचा मुलगा, सगळेच आले त्यात. हसू येतं ना? कारण आपल्याला लगेच कळतं की माझा मुलगा 'पुरुष' या घाऊक वर्णनाबाहेर एक स्वतंत्र माणूस आहे. त्याने काही केलं असेल तर त्याला धरा, पुरुषांनी केलं म्हणून नको. पारध्याच्या आईला याहून वेगळं काही म्हणायचं नाही.

तिसरी तक्रार फिर्यादींच्या वतीने. जातीवरून तपास करणं सोपं, म्हणून खरा चोर सुटतो. माझा सात महिने सुटला आणि त्या काळात त्याने आणखी किती घरं फोडली कोण जाणे. पण माझं प्रकरण किरकोळच. २००३ साली आपल्या राज्यात एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. भटक्या समाजातल्या सहा जणांवर खटला चालला. २००६ मध्ये सहाही जणांना फाशी, उच्च न्यायालयात तिघांची फाशी कायम, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पुन्हा सहाही जणांना फाशी. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, असं नंतर निष्पन्न झालं. शेवटी ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं आणि चुका करणाऱ्या तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या फोटो अल्बममधून सुरुवातीलाच चार वेगळ्या माणसांना ओळखलं होतं. त्या चौघांच्या दिशेने तपास गेलाच नाही. सहा जणांची सोळा वर्षं गेली आणि त्या कुटुंबाला न्यायही मिळाला नाही. फिर्यादी म्हणून मी विचारतो: पाच खुनांचे गुन्हेगार कुठे आहेत?

चौथी, छोटीशी. वर्तमानपत्रांना दिल्या जाणाऱ्या माहितीत 'पारधी टोळी जेरबंद' असं असतं. बँक बुडवणाऱ्या संचालकांची जात मी आजवर मथळ्यात वाचलेली नाही. लोक यातूनच शिकतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, एवढी अफवा पुरली. तो जमाव आणि माझ्या ठाण्यातला अंमलदार यांत फार मोठा फरक आहे, हे मान्य. पण अनोळखी, भटके, फिरते म्हणजेच संशयित, हे गणित दोघांकडेही एकच होतं.

पाचवी तक्रार कायद्याच्या पुस्तकाबद्दल. १८७१ चा कायदा गेला, पण १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आला. त्यात जातीचं नाव नाही हे खरं. तो शिक्षा झालेल्या व्यक्तीबद्दल बोलतो. तरी तो ज्यांच्यावर चालवायचा ती माणसं जुन्या वहीतूनच निवडली गेली, अशी या समाजांची तक्रार आहे. असे कायदे रद्द करा, असं वंशभेदाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००७ मध्येच भारताला सांगितलं होतं. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ५५ आजही टोळीच्या किंवा जमावाच्या नुसत्या हालचालीबद्दल आणि तळ ठोकण्याबद्दल बोलतं. लोकांना धास्ती वाटली किंवा वाजवी संशय आला की अख्ख्या तळाला पांगवता येतं. तळ ठोकून कोण राहतं, महोदय? सिमेंटच्या घरात राहणाऱ्यांना या कलमाची भीती नाही.

सहावी तक्रार भविष्याची आहे आणि तिच्यात मला फारशी गती नाही, म्हणून थोडक्यात. २०२४ मध्ये राज्य सरकारने पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा 'मार्व्हल' उपक्रम नागपुरात सुरू केला. गुन्ह्याचा अंदाज आधीच बांधता यावा, हा त्याचा एक उद्देश. त्या यंत्राला खायला काय घालणार? ठाण्यांतल्या जुन्या नोंदीच ना? मग आजोबांची लाल वही उद्या स्क्रीनवर दिसेल, आणि तिला 'संगणकाने काढलेला निष्कर्ष' म्हटलं की वाद घालायलाही कुणी उरणार नाही.

आता दुसरी बाजू. पोलिसांचं काम मी जवळून पाहिलं आहे. माणसं अपुरी, बंदोबस्त रोजचा, वरून 'डिटेक्शन किती', म्हणजे गुन्हे किती उघडकीला आणले, हा प्रश्न दर महिन्याला. माझे दोन विद्यार्थी पोलिसात आहेत, त्यांची मुलं बापाला झोपलेलंच बघतात. पारधी समाजात चोऱ्या करणारे कुणीच नाहीत, असंही मी म्हणत नाही. आहेत. ज्यांचा पिढीजात धंदा तित्तर-लावे फाशात धरण्याचा होता, तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा झाला. जमीन नाही, दाखला नाही, मजुरीला बोलावणारा मालक संध्याकाळी पोराला ओसरीवर चढू देत नाही. हे चोरीचं समर्थन नव्हे. चोरी केली असेल तर पारध्यालाही तेवढीच शिक्षा व्हावी, जेवढी माझ्या समोरच्या खोलीतल्या तरुणाला झाली. चोरीची पद्धत, हत्याराच्या खुणा, ठसे, मोबाइलचं लोकेशन यांवरून संशय घ्यायला माझी काहीच हरकत नाही, कारण या गोष्टी माणसाने केलेल्या असतात. जन्म कुणाच्या पोटी मिळाला, ही त्याने केलेली गोष्ट नाही.

आणि हे मी एकटाच म्हणतो आहे असं नाही. मे २०२४ मध्ये दिल्लीतल्या एका हिस्ट्रीशीटच्या, म्हणजे पोलीस एखाद्या माणसावर नजर ठेवण्यासाठी ठेवतात त्या नोंदीच्या, प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपणहून हा विषय काढला: मागास आणि विमुक्त जातींतल्या निरपराध माणसांची नावं केवळ पूर्वग्रहापोटी, यांत्रिकपणे पोलिसांच्या नोंदींत चढवली जाऊ नयेत. इतर राज्यांनाही आपली धोरणं तपासायला सांगितलं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, तुरुंगांतल्या जातिभेदाच्या निकालात, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून अटकेचे नियम काटेकोर पाळा, असा आदेश पोलिसांना दिला. पोलीस पाटलांच्या मोबाइलवरचा निरोप या दोन्ही निकालांनंतरचा आहे.

म्हणून माझ्या मागण्या, साध्या शब्दांत:

१. जात, जमात किंवा पाल-वस्ती पाहून याद्या करण्याचे तोंडी आणि मोबाइलवरचे सगळे आदेश लेखी परिपत्रक काढून मागे घ्यावेत. गोळा झालेले फोटो आणि नंबर नष्ट करावेत.

२. प्रत्येक ठाण्यातल्या संशयितांच्या नोंदी तपासाव्यात. ज्यांना शिक्षा झालेली नाही आणि ज्यांच्यावर खटला सुरू नाही, त्यांची नावं काढावीत आणि काढल्याचं त्यांना लेखी कळवावं. ज्याचं नाव ठेवायचं आहे त्याला कारण कळवावं आणि दाद मागायची सोय द्यावी.

३. चौकशीला बोलवायचं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ प्रमाणे लेखी नोटीस द्यावी. ठाण्यात आणलेल्या प्रत्येक माणसाची येण्या-जाण्याची वेळ नोंदवावी आणि सीसीटीव्हीचं चित्रण मागणाऱ्याला मिळावं.

४. खरा आरोपी सापडला की आधी ज्याला संशयावरून नेलं होतं त्याला पत्र द्यावं आणि त्याची प्रत फिर्यादीला द्यावी. हे एक पत्र चारित्र्य पडताळणीत त्याच्या कामी येईल. बुडालेल्या मजुरीची भरपाईही द्यावी.

५. प्रसिद्धीला दिल्या जाणाऱ्या माहितीत आरोपीची जात-जमात लिहू नये.

६. १९५९ चा सराईत गुन्हेगार कायदा रद्द करण्याचा आणि कलम ५५ मधला तळाचा उल्लेख काढण्याचा प्रस्ताव गृह विभागाने विधिमंडळापुढे ठेवावा.

७. 'मार्व्हल'सारख्या कुठल्याही यंत्रणेत जात, जमात, वस्ती यांचा रकाना नसावा, आणि ती काय खाते व काय सांगते याची तपासणी पोलिसांबाहेरच्या माणसांनी करावी.

आठवी मागणी माझी खासगी आहे. माझ्या पुरवणी जबाबातला 'पाहणी' हा शब्द मला दुरुस्त करायचा आहे. गुन्हा निकाली निघाला, आता जबाबाला हात लावता येत नाही, असं मला ठाण्यात सांगितलं गेलं. तसं असेल तर मी प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहे: तो मुलगा माझ्या घरी निर्गम उताऱ्याचा अर्ज लिहायला आला होता, मीच त्याला बसवलं, चहा माझ्या पत्नीने केला. हे प्रतिज्ञापत्र त्याच्या नावाच्या नोंदीला जोडावं, किंवा ती नोंदच काढावी.

हे पत्र छापण्याआधी मी त्याला वाचून दाखवलं. त्याला विचारल्याशिवाय त्याची गोष्ट मी पुन्हा एकदा कुणाच्या दप्तरात टाकणार नव्हतो. त्याने दोन ठिकाणी मला अडवलं. गावाचं नाव काढा म्हणाला, ते काढलं. आणि मारहाणीचं जास्त लिहिलं होतं, ते कमी करा म्हणाला, "आई वाचून घेईल कुणाकडून तरी." म्हणून ते इथे दोन-तीन शब्दांपुरतंच आहे.

फिर्याद, पुरवणी जबाब आणि मुद्देमाल परतीचा आदेश यांच्या प्रती आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवल्या आहेत. निर्गम उतारा त्याला त्याच महिन्यात मिळाला होता. जातीचा दाखला अजून मिळालेला नाही.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक